काढ्यातल्या काड्या

नवरात्र जवळ आलं की माझे थोरले बंधू शिंकायला लागतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. साताऱ्याला आमचं घर आहे, घरामागे माळ आहे, आणि पाऊस ओसरला की त्या माळावर गुडघाभर गवत फुलोऱ्यावर येतं. पहाटे उठल्याबरोबर ओळीनं वीस-पंचवीस शिंका, डोळ्यांना पाणी, टाळूला खाज आणि नाक असं चोंदलेलं की बोलणं ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखं व्हावं. शेजारच्या घरी गजर लावीत नाहीत, दादांच्या शिंकांवर उठतात. दिवाळी सरते, थंडी पडते, गवत वाळतं, आणि मग दादा माणसांत येतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे.

२०१६ सालच्या दसऱ्याला आमचा भाचा हाँगकाँगहून आला. त्यालाही हाच आजार. मातुल घराण्याकडून दुसरं काही मिळालं नसलं तरी नाक मात्र मिळालं आहे! तिथल्या एका चिनी वैद्याचं औषध त्याला चांगलं लागू पडलं होतं. त्यातल्या कागदी पुड्या बारा-तेरा उरल्या होत्या, त्या त्यानं मोठ्या प्रेमानं दादांपुढे ठेवल्या. म्हणाला, "दादामामा, एक पुडी उकळायची आणि प्यायचं. सगळा झाडपालाच आहे."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझं आयुष्य वैद्यकीय महाविद्यालयात औषधिशास्त्र शिकवण्यात गेलेलं, तेव्हा घरातला शेवटचा शब्द माझा. मी चष्मा लावून एक पुडी उलगडली. आत सुंठेचे तुकडे होते, ज्येष्ठमधाच्या चकत्या होत्या, दालचिनीच्या बारीक डहाळ्या होत्या. सगळी आपल्याच स्वयंपाकघरातली मंडळी. बाकी काही पांढरे काप, काही सुरकुतलेली तांबडी फळं, आणि वाळक्या गवतासारख्या पिवळसर-हिरव्या काड्या. पुडीबरोबर चिनी लिपीतली एक चिठ्ठी होती. ती अर्थात आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना.

"ह्या काड्या कसल्या रे?" दादांनी विचारलं.

"असेल कसलं तरी गवत. घ्या की दादा, काही होत नाही," मी म्हणालो.

ते वाक्य आजही मला टोचतं. का, ते पुढं येईलच. त्याआधी हा आजार काय आहे आणि चिनी वैद्य त्याच्याकडे कसं पाहतात, ते थोडं सांगायला हवं.

ज्याला आपण वावडं म्हणतो तसलंच हे, फक्त खाण्याच्या पदार्थाचं नव्हे, तर हवेतून येणाऱ्या परागकणांचं. इंग्लंडमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरानं १८१९ साली दर उन्हाळ्यात होणारा हा त्रास वर्णन करून सांगितला. रोगी तो स्वतःच होता. त्याचं खरं कारण सिद्ध केलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्लीनं. हाही स्वतःच रोगी. त्यानं गवताचे पराग गोळा करून आपल्याच नाकात घालून पाहिले आणि १८७३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्या शरीराची राखण करणारी जी यंत्रणा आहे, ती काही माणसांत ह्या निरुपद्रवी कणांना शत्रू समजते आणि नाकात, डोळ्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडते. मग पाणी, खाज, शिंका. चोर आलाच नाही, पण सारं गाव काठ्या घेऊन धावतं आहे, असा तो प्रकार.

उत्तर चीनमध्ये हा त्रास पावसाळा संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरात, शिगेला पोचतो. तिथला मुख्य अपराधी म्हणजे आर्टिमिशिया जातीच्या वनस्पती, आपल्या दवण्याच्या आणि गाठोण्याच्या भाऊबंद. गंमत पाहा. ह्याच कुळातल्या एका वनस्पतीपासून तू यूयू ह्या चिनी विदुषीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध काढलं, आणि त्याबद्दल तिला २०१५ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पाल्यात औषध आणि परागात उपद्रव! झाड तेच. आपल्याकडचं गाजरगवत, ज्याची पुण्यातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, तेही ह्याच सूर्यफुलाच्या मोठ्या कुळातलं. त्याचाही पराग कित्येकांना छळतो.

चिनी वैद्यकात परागाची कल्पना नव्हती. त्यांनी दोष दिला वाऱ्याला. हा आजार अचानक येतो, अचानक जातो, आज नाकात तर उद्या डोळ्यांत, तेव्हा ह्याचा स्वभाव वाऱ्याचा. शरीराच्या बाहेरच्या कडेला पहारा देणारी एक शक्ती असते; ती दुबळी झाली की वारा आत शिरतो, असं ते मानतात. म्हणून उपचाराचे भाग दोन. ऋतू येण्यापूर्वी पहारा बळकट करायचा, आणि ऋतू आल्यावर शिरलेला वारा हुसकून लावायचा. पहिल्या कामासाठी तीन वनस्पतींचं एक प्रसिद्ध चूर्ण आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'जेडचा वारा-पडदा'. त्यातल्या एका मुळीचं नावच 'वाऱ्यापासून रक्षण' असं आहे. आपल्या वैद्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

दुसऱ्या कामासाठी जो काढा फार चालतो त्याचं नाव 'छोटा निळा ड्रॅगन'. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग नावाचा एक मोठा वैद्य होऊन गेला, त्याच्या ग्रंथात हा काढा आहे. घटक आठ. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनीच्या डहाळ्या, पिओनीच्या फुलझाडाचं मूळ, सुरणाच्या कुळातला एक कंद, पाच चवींचं म्हणून ओळखलं जाणारं तांबडं फळ, शीशिन नावाची एक तिखट मुळी. आणि ह्या सगळ्यांचा म्होरक्या, माहुआंग. पाण्यासारखं नाक वाहतं आहे, थंडीनं शिंका येताहेत, अशा रोग्याला हा काढा द्यावा असा संकेत. जपाननं तो चीनकडून घेतला. तिथं डॉक्टर तो चूर्णरूपानं परागाच्या ऋतूत आजही लिहून देतात, आणि सरकारी आरोग्यविम्यात त्याचा खर्च मिळतो.

भाच्याच्या पुड्यांत हाच काढा होता. आणि त्या वाळक्या काड्या म्हणजेच माहुआंग.

आता ह्या माहुआंगची कथा ऐका. ती मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो, म्हणून तर जास्त लाज वाटते. उत्तर चीनच्या कोरड्या, रेताड माळावर हे झुडूप उगवतं. पानं नसल्यातच जमा; नुसत्या सांधे असलेल्या बारीक काड्या. नागाई नागायोशी नावाचा जपानी रसायनज्ञ होता. बर्लिनला शिकून आलेला. त्यानं १८८५ साली ह्या काड्यांतून एक शुद्ध द्रव्य वेगळं केलं, त्याचं नाव एफेड्रिन. पण त्याचं मोल तेव्हा फारसं कुणाला कळलं नाही. पुढं १९२३ साली चेन कोक्वे हा तरुण चिनी शास्त्रज्ञ अमेरिकेत शिकून पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात आला. त्याचे एक काका जुन्या परंपरेतले वैद्य. घरातलं वैद्यक आणि कॉलेजातली प्रयोगशाळा ह्यांची गाठ त्यानं घातली. कार्ल श्मिट ह्या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर त्यानं माहुआंगचा काढा गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या शिरेत टोचला. रक्तदाब झर्रकन वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. १९२४ साली त्या दोघांचा निबंध छापून आला, आणि पुढच्या काही वर्षांत एफेड्रिन जगभरच्या दवाखान्यांत दम्यावर आणि चोंदलेल्या नाकावर दिलं जाऊ लागलं. सर्दीच्या गोळ्यांत वापरलं जाणारं स्यूडोएफेड्रिन हे त्याचंच भावंडं.

इकडे कलकत्त्याला कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांनी त्याच सुमारास हिमालयातल्या एफेड्राचा अभ्यास हाती घेतला. आपल्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत सोमकल्प किंवा सोमलता ह्या नावानं दम्याचं जे चूर्ण मिळतं, ती बहुधा हीच हिमालयातली बहीण. म्हणजे हे काही निव्वळ चिनी प्रकरण नव्हे, बरं का! आपल्या कपाटातही ते असू शकतं.

एफेड्रिन करतं काय? संकटाच्या वेळी आपले ज्ञानतंतू जो निरोप साऱ्या शरीराला धाडतात, तोच निरोप हे द्रव्य धाडायला लावतं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आखडतात, नाक मोकळं होतं. श्वासनळ्या रुंदावतात, दमेकऱ्याला बरं वाटतं. पण निरोप एकट्या नाकाला जात नाही ना! हृदय जोरात चालू लागतं, रक्तदाब चढतो, झोप उडते, आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू आहेत तेही आवळले जातात.

दादांचं वय तेव्हा एकाहत्तर. रक्तदाबाची गोळी रोजची. आणि त्या वयात पुष्कळ पुरुषांना होतं तशी प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली; रात्री तीन-चारदा उठावं लागे. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती फक्त काडी. फळ्यावर एफेड्रिनचं सूत्र मी डोळे मिटून काढलं असतं, पण ते ज्या काडीत राहतं ती काडी प्रत्यक्ष हातात आली तेव्हा मी तिला गवत म्हणालो.

पहिले चार दिवस घरात आनंदीआनंद. शिंका थांबल्या. दादा पहाटे फिरायला जाऊ लागले, माळावरच्या गवताला हसून पाहू लागले. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ह्यांना रात्री झोप नाही, खोलीत येरझारा घालतात." मी म्हटलं, दिवाळीची दगदग असेल. सहाव्या दिवशी दादांनीच छातीत धडधडतं म्हणून सांगितलं. मी रक्तदाब पाहिला, तो चढलेला होता. तेव्हा तरी मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी त्यांना चकल्या-चिवडा बंद करायला सांगितलं! आठव्या रात्री दोन वाजता वहिनींनी माझं दार ठोठावलं. दादांची लघवी संध्याकाळपासून अडकली होती. पोट तट्ट फुगलेलं, कपाळावर घाम, आणि सगळ्या शिंकांच्या वर्षांत ज्यांनी कधी हूं केलं नाही ते दादा भिंतीला डोकं टेकून कण्हत होते.

दवाखान्यात नळी घालून लघवी काढली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरानं साधा प्रश्न विचारला, "आजोबांना नवीन औषध काही सुरू केलंय का?" मी आणि वहिनी एकदमच म्हणालो, "नाही." झाडपाला म्हणजे औषध, हे दोघांच्याही मनात आलं नाही. पहाटे बाकावर बसलो असताना मला त्या काड्या आठवल्या, आणि त्यांचे सांधे आठवले. भाच्याला चिठ्ठीचं छायाचित्र पाठवलं. त्यानं तिथल्या वैद्याला विचारून उत्तर कळवलं. मधल्या ओळीत माहुआंग होतं.

त्याबरोबर वैद्यबुवांनी दुसरंही कळवलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विचारलं होतं, की मी हा काढा तीस वर्षांच्या तरुणाला त्याची दोन्ही मनगटांची नाडी पाहून, जीभ पाहून लिहून दिला. तो एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दिला कुणी? नंतर मी शोधून वाचलं. चांग चुंगचिंगच्या त्या जुन्या ग्रंथातच बजावलेलं आहे की ज्यांना लघवीचा विकार आहे अशांना घाम आणणारी ही औषधं देऊ नयेत. माहुआंग आधी वेगळं उकळावं, वर येणारा फेस काढून टाकावा, मग बाकीची द्रव्यं घालावीत, असंही तिथं सांगितलं आहे. आमच्या वहिनींनी सगळं एकदम पातेल्यात टाकून चांगलं आटवलं होतं. त्यांना दोष कसा द्यायचा? पुडी हाँगकाँगहून साताऱ्याला आली, पण तिच्याबरोबरचं पथ्यापथ्य आणि सावधगिरी तिथंच राहिली.

माझी तक्रार चिनी औषधांविरुद्ध नाही, आणि ती चालत नाहीत असंही मी म्हणणार नाही. मेलबर्नला पंचावन्न रोग्यांवर आठ आठवडे एक परीक्षा झाली, तिचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना अठरा वनस्पतींचं मिश्रण, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ औषधं. मिश्रण घेणाऱ्यांना परागाच्या ऋतूत खरोखर जास्त आराम पडला. जपानातही छोट्या निळ्या ड्रॅगनची अशी परीक्षा झाली आणि तो पोकळ औषधापेक्षा सरस ठरला. पंचावन्न माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि अशा परीक्षा आणखी मोठ्या प्रमाणावर व्हायला हव्यात. पण निकाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे औषध नाक मोकळं करू शकतं ते मूत्राशयही बांधू शकतं, एवढंच दादांच्या पोटानं आम्हाला शिकवलं. आहारपूरक म्हणून वजन उतरवायला आणि खेळात जोर यायला एफेड्रा घेणाऱ्या माणसांना अमेरिकेत झटके आले, काही दगावलीही. २००४ साली तिथल्या सरकारनं अशा पुड्या-गोळ्यांवर बंदी घातली.

चोंदलेल्या नाकावरची आणखी दोन चिनी द्रव्यं मुद्दाम सांगतो, कारण एक तुमच्या ओढ्याकाठी उगवतं. काटेरी फळांचं झुडूप, फळं धोतराला, मेंढीच्या लोकरीला चिकटतात. आपल्याकडे शंकेश्वर म्हणतात. चीनमध्ये ह्याच कुळीची फळं मॅग्नोलियाच्या कळ्यांबरोबर नाकाच्या चूर्णात घालतात. पण काटे काढून, भाजून, आणि अगदी मोजून. तिथल्या अधिकृत औषधकोशात त्यावर 'विषारी' असा शेरा आहे. कोवळी रोपं तर फारच वाईट. बांगलादेशात सिल्हेट भागात २००७ च्या नोव्हेंबरात अन्नाच्या टंचाईत लोकांनी ह्या रोपांची भाजी करून खाल्ली. शहात्तर जण आजारी पडले, त्यांतले एकोणीस दगावले. तेव्हा कुणी पुस्तकात वाचून हे फळ घरी कुटायला जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती.

दुसरं ते शीशिन. ह्या मुळीच्या पाल्यात मूत्रपिंडांचा घात करणारं एक आम्ल असतं, म्हणून २००५ पासून चीनच्या औषधकोशात फक्त मुळं वापरायची सोय ठेवली. हेच आम्ल असलेली भलतीच मुळी नावाच्या सारखेपणामुळं १९९० च्या सुमारास बेल्जममध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत गेली, आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं त्यात खराब झाली. आपल्या गावच्या काष्ठौषधीच्या दुकानात एकाच नावाखाली दोन झाडं विकली जातात हे वैद्यांना ठाऊक आहे, चीनमध्येही तसंच. शिवाय काही तयार 'निव्वळ वनस्पतीच्या' गोळ्यांत चोरून स्टेरॉइड घातलेलं तपासणीत सापडलं आहे. एका दिवसात चमत्कार झाला तर आनंदाबरोबर थोडी शंकाही यावी.

मग घ्यायचं की नाही? ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी पदवी घेतलेल्या जाणत्या माणसाकडून, स्वतःची नाडी दाखवून घ्यावं. प्रत्येक घटकाचं नाव लिहून मागावं आणि तो कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइडचा जोर, प्रोस्टेटचा त्रास, किंवा पोटात बाळ असेल तर माहुआंगच्या वाटेला जाऊ नये. ज्येष्ठमध रोज खूप पोटात गेला तर तोही रक्तदाब चढवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. गाजरगवतानं ज्यांची कातडी उठते त्यांनी शेवंतीच्या फुलांचा चिनी चहा जपून घ्यावा, कारण दोघं एकाच कुळातली. आणि दमा असलेल्यानं काढ्याच्या भरवशावर श्वासातून घ्यायचं औषध कधीही बंद करू नये. कधीही नाही.

दादांची नळी चार दिवसांनी निघाली. डॉक्टरांनी नाकात मारायचा एक स्टेरॉइडचा फवारा दिला, तो ते भाद्रपदापासूनच सुरू करतात, म्हणजे गवत फुलायच्या आधी. पहारा आधी बळकट करायची चिनी युक्ती इथंही उपयोगी पडते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. सकाळी उकळून निववलेल्या कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुतात, पहाटेऐवजी संध्याकाळी फिरायला जातात, आणि माळाकडची खिडकी लावून घेतात. शिंका अजून येतात. वीसाच्या पाच झाल्या आहेत.

उरलेल्या पुड्या माझ्याकडे आहेत. निवृत्त झालो तरी कॉलेजात अधूनमधून बोलावतात, तेव्हा एक पुडी घेऊन जातो आणि मुलांपुढे टेबलावर पसरतो. सूत्र सगळ्यांना येतं. काडी अजून कुणी पहिल्या फटक्यात ओळखलेली नाही. आणि घरी वहिनींनी साधा गवती चहा केला तरी दादा कप तोंडाला लावण्याआधी माझ्याकडे पाहून विचारतात, "ह्यात काड्या नाहीत ना रे?"